मरियाआत्याची साक्ष

केडगाव, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आराधना,
प्रभूच्या नावे सप्रेम सलाम वि. वि.

पत्र बघून दचकशील. मोबाईल कपाटात टाकलाय, त्याच्याकडे बघायचीही लाज वाटते.

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली तुझी आत्या निवृत्तीनंतर जपानी प्रेमकथा वाचते, हे तुला ठाऊक नाही. त्या चित्रकथांना मांगा म्हणतात, इंग्रजीत असतात. एका फुकट साइटवर वाचायचे. काल चर्चमध्ये गीताचे शब्द भिंतीवर दाखवायला माझाच मोबाईल प्रोजेक्टरला जोडला होता. दुसऱ्या कडव्यालाच त्या साइटची नको तसली जाहिरात आपोआप उघडली. अख्खी मंडळी बघत राहिली.

पाळकसाहेबांनी विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं की दसऱ्याला आराधना आली होती, तिनंच काहीतरी पाहिलं असेल. तुझ्या होणाऱ्या सासूबाई, रतनबाई, पुढच्याच बाकावर होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नाताळात तुझा साखरपुडा, आणि मी हे काय करून बसले गं?

लोभ मागायलाही तोंड नाही.
तुझी मरियाआत्या

पुणे, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

माझ्या दप्तरात प्रेमकथा सापडली तेव्हा बाबांकडे चुगली कुणी केली होती, आठवतं का? तू मांगा वाचतेस याचं मला हसूच आलं.

पण फुकटची साइट म्हणजे चोरीचा माल. काढणाऱ्या चित्रकाराला त्यातलं काही मिळत नाही. पुस्तकावर प्रकाशकाचं नाव असतं. त्यांच्या स्वतःच्या साइटवर जा, इंग्रजी भाग कुठे विकत मिळतात ते तिथे बहुधा दिलेलं असतं. कुठे सुटं पुस्तक मिळतं, कुठे महिन्याची वर्गणी असते. भारतात चालतं ना, तेवढं आधी बघ. अनुवाद करणाऱ्याचंही नाव दिलेलं असलं की समजावं, माल सरळ आहे.

आता रागाचं. तू माझं नाव घेतलंस. सायमन म्हणतो, त्याची आई तेव्हापासून गप्प गप्प असते. मी तिथे येऊन काही सांगणार नाही. ते तूच सांगायचं.

रागावले आहे, तरी तुझीच,
आराधना

केडगाव, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आराधना,
सप्रेम सलाम वि. वि.

काल उपासनेत साक्षीची वेळ आली. कुणी आजार बरा झाल्याची साक्ष दिली, कुणी नोकरी लागल्याची. मग मी उठले. म्हटलं, ते माझं होतं, मीच वाचते, आणि भाचीवर ढकललं. बाहेर पडताना मान वर होईना.

रतनबाईंनी फाटकापाशी गाठलं. म्हणाल्या, “पोरीनं काय वाचावं ते मी इचारनार न्हाई. पन तुमी तिचं नाव घेतलं, तवापासनं मला लई लागलं हुतं. आमच्या घरची सून हाय ती.”

तुझ्यावर त्यांनी एक दिवसही संशय घेतला नव्हता. गप्प होत्या त्या माझ्यावर रागावून. इतकी शरम मला भिंतीवरच्या त्या चित्रानंही वाटली नव्हती.

आज मोबाईल कपाटातून काढला आणि पहिला भाग विकत घेतला. भर दुपारी दार उघडं टाकून ओट्यावर वाचत बसले. शेजारच्या पूजानं काय वाचताय विचारलं, तर सांगितलं.

तू तुटू न दिलेला लोभ जपायचं काम आता माझ्याकडे लागलं.
तुझी आत्या