त्या सात कळ्या

देवास, फेब्रुवारी २००४

प्रिय अप्पा,

तुमच्या ऑर्किडला आज पाच कळ्या दिसल्या. आनंदाने लिहितेय असं समजू नका. आईला बघायला बोलावलं, तर स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "मी लांबच बरी गं, सुमे. माझ्या हाताने गळतात." अप्पा, हे वाक्य तिला तुम्ही दिलंत!

कारखान्यातून आलात की आधी कुंडी, मग चहा. बोट घालून ओल बघायची, कुंडीतले मातीऐवजी भरलेले कोळसे बदलायचे. तीन वर्षं नुसती पानं. मग कोणीतरी सांगितलं, याला गारवा लागतो. थंडीभर तुम्ही कुंडी तिन्हीसांजेला अंगणात नेलीत, सकाळी आत आणलीत. आम्हाला कधी एवढं जपलंत का हो? दांडा निघाला तेव्हा आधाराला आईची विणायची सुई खोचलीत. तिचा स्वेटर अर्धाच राहिला, तरी ती हसत होती. सात कळ्या धरल्या, आणि वारं लागू नये म्हणून तुम्ही कुंडी कोठीच्या खोलीत ठेवलीत.

तिथे त्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. तुम्ही आईला म्हणालात, "तूच पाणी ओतलंस. तुझ्या हाताने काही टिकत नाही." माझ्या आधीची तिची दोन्ही बाळं जगली नव्हती, हे ठाऊक असून? ती दोनदा म्हणाली, मी हात लावला नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. मग तिने सांगणंच सोडलं.

त्याच दिवसांत सत्यनारायणासाठी मामाने धामनोदहून कच्च्या केळ्यांचा घड आणला होता, आठवतो? लवकर पिकावा म्हणून पोत्यात गुंडाळून कोठीत, तुमच्या कुंडीशेजारी तो मी ठेवला होता. वर दार घट्ट लावलं.

गेल्या महिन्यात नर्सरीतला माळी सहज म्हणाला, "दीदी, पकते फल के पास मत रखना इसको. बंद कमरे में तो कलियाँ झड़ेंगी ही." घेतलेलं खत मी तिथेच विसरून आले.

म्हणजे आई नव्हतीच. मी होते! तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, तुम्हाला आता सांगून काय उपयोग? आणि मी महिनाभर तिच्यासमोर बसून जेवतेय, पण तोंड उघडत नाही. तिच्या मनातून उतरेन अशी भीती वाटते. चूक कबूल करायची म्हटलं की जीभ अडते, शेवटी तुमचीच मुलगी ना!

पण आता पुरे. हे पत्र संपलं की तिला हाताला धरून कुंडीपाशी नेणार आहे. सांगणार आहे, की घड मी ठेवला होता. तुमच्या वतीनेही माफी मागेन, तुम्हाला आवडो न आवडो. मग पाणी तिनेच घालायचं. आणि यातली एखादी कळी गळलीच, तर या घरात कोणी कोणाचं नाव घेणार नाही. शब्द देते.

तुमची,
सुमी