पंप कुठं टाकायचा

सोम., २ फेब्रु., पिंपरी पेंढार
१. पेट्रोल पंपाचा अर्ज माझ्या नावाने गेला. महिलांसाठी राखीव गटातून. सही माझी.
२. जागा वडिलांची, म्हणजे अण्णांची. हायवेला लागून, वळणाच्या आतल्या बाजूला.
३. अट: ज्याच्या नावावर पंप, त्याने इथे राहून तो चालवायचा.
४. अट वाचूनच सही केली. वळणामुळे ही जागा नामंजूर होणार, म्हणजे पुण्यातली पूल बांधणीची नोकरी सुटणार नाही, असा हिशेब.

मंगळ., ३ फेब्रु.
हिशेब चुकला. अण्णा खुशीत. "वरती आपला माणूस हाय. जागा पास व्हतीय."
दुपारी वळणावर उभी राहिले. उसाचा ट्रक अगदी अंगावर आल्यावर दिसला. उद्या अशा ट्रकपुढे पंपातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर गावातल्याच कुणाचा तरी असेल.

गुरु., ५ फेब्रु.
जेवताना बोलले. "अण्णा, तिथं माणसं मरतील."
"मंग कुठं टाकायचा? सांगा की, इंजिनिअर मॅडम!"
गप्प बसता आलं असतं. म्हटलं, काकांचं रान. थोडं पुढे, समोरच्या बाजूला, रस्ता सरळ. शिवाय आळेफाट्याला कांदा घेऊन जाताना कोणी टाकी भरत नाही. विकून पैसे हातात आले की भरतात. परतीची बाजू काकांच्या रानाची. मध्ये दुभाजक, अण्णांच्या जागेकडे वळून कोण येणार?
काका शेजारीच जेवत होते. "अण्णा, पोरगी लई बरोबर बोलती राव!"

शनि., ७ फेब्रु.
काका रान द्यायला तयार. पण "पोरगी सोता गल्ल्यावर बसली पायजे. नोकराच्या जिवावर माझं रान न्हाई."
आई: "आता घरजावईच बघू. पेट्रोल फुकट म्हणल्यावर रांग लागंल." सगळे हसले. मीही, बहुतेक.
म्हटलं, नाही बसले तर?
अण्णा शांतपणे: "तर मग वळणावर. तू नाय तर सूनबाई हाय, तिच्या नावावर नवा अर्ज टाकू."
वहिनी भाकरी थापत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

सोम., ९ फेब्रु., एसटीत
रजा संपली. आईने पिशवीत कपडे कमीच भरलेत. "येणारच हायस की."
नारायणगाव गेल्यावर अण्णांना मेसेज केला. तोच इथे उतरवते:
"अण्णा, काकांची जागा योग्य आहे. मी पंपावर बसेन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पण मी नाही म्हटलं तरी वळणावर पंप टाकणार नाही, एवढं मला आधी सांगा. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या."