बोलता येईल इतकाच वेग

३ जून, मंगळवार

ओदवार म्हणतो, मला सावकाश जाता येत नाही. जोरात जायच्या दिवशी सगळेच जोरात जातात. मी आरामाच्या दिवशीही जोरात जाते, म्हणून मार्चमधल्या स्कीच्या शर्यतीत माझे पाय रिकामे होते. वीस वर्षं प्रशिक्षक असलेल्या या माणसाचं सगळं शास्त्र एका ओळीत मावतं — लांबचा पल्ला असेल तेव्हा बोलता येईल इतकाच वेग. वाक्य मध्येच तुटलं, की चुकलीस.

"पण बोलू कुणाशी?" मी विचारलं.

"तोरूनशी."

तोरूनशी! अख्ख्या दरीत बर्फावर मला हरवू शकणारी ही एकच मुलगी. बालवाडीपासून एका वर्गात होतो, पण तिने माझ्याशी आजवर केलेलं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल. वरच्या शेतावरची माणसं ती. त्यांच्याकडे जेवताना मीठ हवं असेल तर मिठाकडे बघतात.

जिल्हा संघात यंदा मुलींची एकच जागा आहे. चाचणी ऑगस्टच्या शेवटी. उमेदवार आम्ही दोघी. आणि तोपर्यंत उन्हाळाभर, बर्फ नाही म्हणून डांबरी रस्त्यावर, आम्ही दोघींनी चाकांच्या स्कीवर गप्पा मारत हिंडायचं! ओदवारला विनोदबुद्धी नाही, म्हणून हा विनोद नसावा.

५ जून, गुरुवार

परीक्षा संपली. घरी आले तर गॅरेजमध्ये माझी स्की टेबलावर उलटी, आणि चारही चाकं नवी कोरी. बाबांनी बसवलेली. स्की क्लबच्या जुन्या-नव्या सामानाच्या बाजारात मिळाली म्हणे.

बाबा दक्षिण किनाऱ्यावरचे. होडीत त्यांच्यासारखा माणूस नाही. बर्फावर मात्र कपाट उचलून चालल्यासारखे चालतात. इथे लग्न करून आले आणि गेली वीस वर्षं हिवाळाभर माफी मागितल्यासारखा चेहरा करून असतात.

"कशाला बाबा? मी बसवली असती."

"तू अभ्यास करत होतीस. मला तुझ्या खेळातलं दुसरं काय येतं?"

तेलाचा हात पँटला पुसत होते. आईला दिसायच्या आत मी त्यांना फडकं दिलं.

६ जून, शुक्रवार

पहिली फेरी. घरापासून तळ्याच्या कडेकडेने सॉ मिलपर्यंत आणि परत. मी पुढे, तोरून मागे. ओदवारने दोघींना बजावलं होतं, बोला. मी हवेबद्दल बोलले. मग परीक्षेबद्दल. मग परत हवेबद्दल. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला —

"ट्रॅक्टर."

मागून खरंच ट्रॅक्टर येत होता.

१४ जून, शनिवार

मी उगाच घाबरत होते. मी यंदा तयार झालेय! सावकाश जायचं म्हणून काठ्या अक्षरशः आळसात ढकलते, तरी तोरून मागे पडते. आज मिलच्या चढावर मी तिला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगितली, वरात, भाषणं, रुसलेली सासू, सगळ्यासकट. माझं एकही वाक्य तुटलं नाही. तिच्याकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

वर थांबलो तेव्हा एक परदेशी गाडी शेजारी आली. काच खाली करून माणसाने विचारलं, बर्फ कुठाय? दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्याला वाटतं आपल्यालाच सुचलंय. मी हसले. तोरून काठ्यांवर ओणवी होऊन रस्त्याकडे बघत होती. तिला बहुतेक प्रश्नच ऐकू आला नाही.

२ जुलै, बुधवार

ओदवार त्याच्या शेतात गवत कापतोय, त्यामुळे आमच्याकडे बघायला त्याला सवड नाही. आज बांधाला ट्रॅक्टर उभा करून त्याने विचारलं, "वेग बरोबर आहे ना?"

"मी अख्खा रस्ता बोलत होते."

"अख्खा?"

"वाटल्यास तोरूनला विचार."

तोरूनने होकाराची मान हलवली. ती लालबुंद झाली होती.

"मग ठीक आहे," ओदवार म्हणाला. "तुझं हेच बसायला हवं होतं, इडुन." आणि गेला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब कौतुक.

९ जुलै, बुधवार

तोरूनचं वाईट वाटतं. काठी फार पुढे टेकवतेस, असं मी तिला आज सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ऐकून घेण्याचा गुण आहे तिच्यात.

१९ जुलै, शनिवार

गोमाशा. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

२७ जुलै, रविवार

आज दुकानाच्या पायरीवर बसून पाव खात होतो. तिच्याकडे तपकिरी चीज, माझ्याकडे लिव्हरचं सारण. अर्धा अर्धा बदलून घेतला. म्हणजे आता मैत्री म्हणायला हरकत नाही. आणि तेवढ्यात ती म्हणाली —

"मी बहुतेक चाचणीला उतरत नाही."

"का?"

"तुझ्या मागे राहून बघितलं ना सगळा उन्हाळा." मग पावातलं चीज नीट करत, "मामेभावाने किनाऱ्यावर मासळीचं काम बघितलंय. शरदात तिकडे जाईन म्हणते."

मी म्हणाले, असं कसं, इतक्या वर्षांची मेहनत, अजून महिना आहे. जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा चेहरा दुःखी होता याची मला खात्री आहे, कारण मी तो मुद्दाम तसा ठेवला होता.

घरी येऊन नवे बटाटे दोनदा वाढून घेतले. आई म्हणाली, आज काय स्वारी खुशीत?

११ ऑगस्ट, सोमवार

ओदवारने सांगितलं, चाचणी मिलच्या चढावरच, वर मोबाइलच्या टॉवरपर्यंत, आणि सगळ्यांना क्लबच्याच स्की. कुणाला घरच्या सामानाचा फायदा नको. "सवय करून घ्या," म्हणाला.

संध्याकाळी क्लबच्या खोलीतून एक जोड काढून रस्त्यावर आले. ढकललं — आणि जागच्या जागी! डांबराला च्युइंगगम लावल्यासारखं. मला वाटलं चाकं गंजलीत. दुसरा जोड काढला. तोही तसाच. तिसरा काढण्याआधी दोन्ही जोड उलटे करून बघितले.

चाकाच्या कडेला आकडा असतो, ते किती जड फिरतं त्याचा. सगळे वापरतात ती दोन. तीन म्हणजे जड, ताकदीसाठी. आणि एक म्हणजे नुसती पळणारी — ज्यांना घाम न येता तळं बघत हिंडायचंय त्या निवृत्त शिक्षकांसाठी. आमच्यातलं कुणी ती लावत नाही. कुणी लावतही असेल असं मनात येत नाही, म्हणून कुणी बघतही नाही.

क्लबच्या चाकांवर दोन होता. घरी येऊन माझी बघितली. चारही चाकांवर एक.

बाबा गॅरेजमध्ये जाळं दुरुस्त करत होते. मी सहज आवाजात विचारलं, चाकं निवडलीत कशी?

"एक, दोन, तीन होती. एक म्हणजे सगळ्यात चांगलं असणार ना?" मग हात थांबला. "का गं? चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "मस्त आहेत."

१२ ऑगस्ट, मंगळवार

म्हणजे मी तयार-बियार काही झालेले नाही. मी दोन महिने फिरायला गेले होते. आणि तोरून माझ्या मागे दोन महिने जीव तोडून पळत होती. तिला वाटतंय ती संपली. तिला ते वाटतंय माझ्या चाकांमुळे.

सांगितलं, तर ती चाचणीला उतरेल. न सांगितलं, तर ती मासळीला जाईल आणि जागा माझी. मी काहीही केलेलं नाही. फक्त बोलायचं नाही, एवढंच. आणि न बोलणं या दरीत कधी कुणी मनाला लावून घेतलेलं नाही. तिच्या घरी तर मुळीच नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दोन नंबरची चाकं लावली. दोघी निघालो. पहिल्याच चढाला माझं वाक्य तुटलं.

आणि तोरून बोलायला लागली! वासराला जुलाब होतायत. आजीने कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरलाच व्यायाम शिकवला. मामेभावाच्या होडीचं इंजिन फक्त शिव्या दिल्यावर सुरू होतं. ती विनोदी आहे! इतकी वर्षं एका वर्गात बसून मला माहीत नव्हतं. मी म्हणत होते, हं. हं. हो?

"बरं नाही का तुला?" तिने विचारलं.

"काल फार पोहले."

"कुठे?"

मला तळ्याचं नावही धड सांगता येईना. श्वास पुरत नव्हता.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज सांगणार होते. पण ती आजीची गोष्ट पुढे सांगत होती, मध्ये तोडणं बरं दिसलं नसतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजही नाही. पाऊस होता. पावसात असलं काही सांगत नाहीत.

२० ऑगस्ट, बुधवार

बाबांना गॅरेजमध्ये त्यांची चाकं फडताळावर दिसली.

"काढलीस?"

"चाचणीला क्लबची आहेत. तोवर सवय."

त्यांनी एक चाक बोटाने फिरवलं. बराच वेळ फिरत राहिलं ते मेलं. मग म्हणाले, "तोरून उतरत नाही म्हणालीस ना? मग तुला सोपं झालं."

"हो."

"सोपं म्हणजे चांगलंच ना? मला तुमच्यातलं कळत नाही, म्हणून विचारतो."

चाक अजून फिरत होतं. मी हाताने थांबवलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं.

मिलच्या चढाच्या मध्यावर. तिथेच का, ते मला माहीत नाही. सपाटीवर जास्त बरं दिसलं असतं. "तुझी चाकं —" म्हणाले. श्वास. "नाही, माझी चाकं —" श्वास. ओदवारच्या नियमाने यातलं एकही वाक्य ग्राह्य धरता आलं नसतं. शेवटी थांबले आणि सगळं एकदम बोलून टाकलं. एक नंबर, बाबा, बाजार, उन्हाळाभर. तू दमली नव्हतीस. तू माझ्यापेक्षा जोरात जात होतीस. दहा दिवसांपासून मला माहीत आहे.

रडेल असं वाटलं होतं. किंवा चिडेल. निदान मिठी, हात, काहीतरी. तिने काठीच्या टोकाने रस्त्यावरचा एक खडा बाजूला केला.

"हं," म्हणाली. "मग उतरते."

आणि उरलेल्या चढावर माझ्यासाठी वेग कमी केला. बोलता येईल इतका!

घरी येताना मला आपण उंच झाल्यासारखं वाटत होतं. इतकं उदात्त मी आजवर काहीच केलेलं नाही. केल्यावर भूक फार लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

तोरून पहिली. मी दुसरी. टॉवरपाशी पोहोचले तेव्हा तिचं जॅकेट घालून झालं होतं.

खरं सांगायचं तर हा चढ मी इतका चांगला कधीच चढले नव्हते. पाय रिकामे झालेच नाहीत. ओदवार म्हणाला, "बघितलंस? सावकाश गेलीस म्हणून." बाबा वर टॉवरपर्यंत चालत आले होते, चुकीचे बूट घालून. त्यांनी तोरूनशी हात मिळवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"दुसरी म्हणजे?" हळूच विचारलं.

"म्हणजे संघात नाही."

हात तिथेच राहिला.

रडले नाही. कारण मी हरलेले नाही, मी दिलंय. काही लोक रक्तदान करतात. मी जागा दिली. तोरूनला जन्मभर हे आठवेल, आणि मी कधी तिच्यापाशी त्याचा उल्लेख करणार नाही. फार तर म्हातारपणी.

३१ ऑगस्ट, रविवार

हिवाळ्याआधी सगळ्या क्लबने मिळून स्कीची वाट मोकळी करायचा दिवस. झुडपं तोडली, ओढून बाजूला टाकली, मग वॅफल. मी ओदवारला म्हणाले, बरं झालं, तोरूनचं मासळीला जायचं शेवटच्या क्षणी टळलं. तो म्हणाला, "मासळी? कसली मासळी?" तोरून उतरणार नाही असं त्याच्या कानावर उन्हाळाभर आलेलंच नव्हतं.

तोरून एका पडलेल्या फांदीचं जाड टोक धरून उभी होती. मी जाऊन बारीक टोक धरलं.

"मामेभाऊ आहे ना तुला?"

"आहे."

"आणि काम?"

"ते नव्हतं." तिने फांदी उचलली. "तू बोलतेस का, ते बघत होते."

"पण मलाच ऑगस्टमध्ये कळलं!"

"ते मला त्या दिवशी चढावर कळलं. तोवर वाटायचं, तू ती चाकं मुद्दाम लावलीस. चाकावरचा तो एकचा आकडा मला जूनमध्येच दिसला होता. मागे मीच असायचे ना."

आम्ही फांदी ढिगापर्यंत नेली. टाकली. मी विचारलं, "मग जूनमध्येच बोलली का नाहीस?"

"दम कुठे होता?"