इनॉसनं गुडघे टेकले

धाकट्या बहिणीला, ड्रुसिलाला, सलोमाताईचे आशीर्वाद. चर्च सोडलंस म्हणून आपल्या लोकांनी तुला वाळीत टाकलंय, पण पत्र पाठवू नये असं काही कुणी म्हटलेलं नाही. तुझा दमा कसा आहे? माझी तब्येत इतकी ठणठणीत आहे, की हे सगळं शेवटपर्यंत बघावं लागणार असं दिसतं. (मला लिहिता येत नाही, म्हणून सून लोव्हिना लिहितेय. तिला रडू आवरत नाही. पुसट शब्द अंदाजानं वाचून घे.)

लोव्हिनाचा मुलगा इनॉस तुरुंगात आहे. शेजारच्या कार्लाइलचं कोठार जळलं, आणि तो आपल्या चर्चबाहेरचा माणूस, त्यानं पोलीस बोलावले. त्या संध्याकाळी कुठे होतास, यावर आमचं पोरगं गप्प. पोलीस म्हणाला, "कबूल करून टाक बाबा, म्हणजे विषय संपेल." झालं! चर्चमध्ये जन्मभर बघितलं तेच केलं गाढवानं. गुडघे टेकून म्हणाला, "मी चुकलो, क्षमा करा." (आपल्या बाबांनीसुद्धा न केलेल्या भांडणाची अशीच माफी मागितली होती, गावात शांतता राहावी म्हणून. आठवतं?) आपल्यात मग बिशप हात धरून उठवतात आणि पुन्हा कुणी त्याबद्दल बोलत नाही. आपल्यालाही तसंच उठवतील म्हणून हा बसून राहिला. उठवलं, पण बेड्या घालून.

त्यावर कळस चढवला आपल्या पुरुषमंडळींनी. शेजारधर्म म्हणून हातोडे घेऊन गेले आणि कार्लाइलला नवं कोठार बांधून दिलं. सरकारी वकील आता विचारतो, निर्दोष मुलाचे नातेवाईक फुकट कोठार बांधतात होय? हे ऐकून आपल्या वकीलबाईंनी टेबलावर डोकं टेकलं. मग मला म्हणाल्या, "आजी, शपथ घ्याल?"

"शपथ आम्हांला वर्ज्य आहे."

"मग नुसतं खरं सांगा. तो कुठे होता?"

लोव्हिना शेजारीच बसली होती. मला एकदम ऐकू येईनासं झालं.

आता काही आशा उरलेली नाही, ड्रुसिला.

तुझी, अजून तरी जिवंत,
सलोमाताई

ता. क. तुझा नासपतीचा मुरंबा छान झालाय. कोठार जळलं त्याच संध्याकाळी इनॉसनं आणून दिला, तुझ्या टेबलावर पोटभर जेवून. हे कळलं तर त्यालाही वाळीत टाकतील, म्हणून तो बोलत नाही. (लोव्हिनानं पेन खाली ठेवलंय. लिही गं, मग रागव.)

आणखी एक. मंगळवारी खटला आहे. ये, आणि तो तुझ्याकडे होता हे सांग. वाळीत टाकलेल्या नातवाला मी वेगळ्या टेबलावर वाढीन. तुरुंगातल्याला कुठून वाढू? तुझ्याबरोबर जेवायची मनाई आहे, पण कोर्टातल्या बाकाबद्दल बिशप काही बोललेले नाहीत. माझ्या शेजारी जागा धरून ठेवते.