उजव्या डब्याचा बसलेला आवाज

अंबड, फेब्रुवारी १९७८

ती. अक्कास धाकट्या श्रीपतीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझा गुडघा आणि दाजींचा खोकला दोन्ही उतारावर असतील. आमच्याकडं सगळं बरं आहे, फक्त गाणं बिघडलं होतं.

दिवाळीत मी औरंगाबादहून रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याला आवाजाचे दोन लाकडी डबे. (दुकानदार त्यांना स्पीकर म्हणतो, आमची तारा डबडी.) पहिल्या दिवशी वाटलं, गाणारी बाई आमच्या कोनाड्यातच बसून गाऊन राह्यली. ताराला विचारलं, तर तीही म्हणाली, "छान आहे." संक्रांतीपर्यंत मात्र उजवा डबा बसत चालला. मी तो खिडकीत ठेवला, पलंगावर ठेवला, उंदीर शिरला असेल म्हणून उघडूनही पाहिला. आवाज रोज थोडा कमीच. शेवटी दुकानदाराला झापायला निघालो, तर तारा म्हणाली, "डबे लई फिरवले. आता तुम्ही फिरा." मी डब्यांकडं पाठ करून बसलो. आणि काय सांगू अक्का, उजवा एकदम खणखणीत झाला न् डावा बसला! मी म्हणालो, "बघ, आता हा बी गेला." तिनं मला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांतून इतका मळ काढला (जेवण व्हायचं असेल तर हे वाक्य सोड) की बाकावरचा पेशंट उठून बाहेर गेला.

घरी येऊन रेकॉर्ड लावली. दोन्ही डबे पत्र्यावर खडी ओतल्यासारखे! बिघडले बिलकुल नव्हते, मुळातच तसे होते. मी गुमान बंद केले आणि 'अजून कमीच ऐकू येतं' अशी थाप मारली. दुसऱ्या दिवशी तारा स्वयंपाकघरात शेजारच्या झुंबरबाईंना सांगत होती, "पहिल्यापासूनच भसाडी हायेत डबडी. पण गाणं लागलं की यांचं तोंड असं फुलतं, मंग मी म्हणते छान." मी पेपर तोंडासमोर धरला. डोळ्यांत पाणी आल्तं.

तुझा,
श्रीपती

ता. क. : दाजींनी आपल्या वडीगोद्रीच्या हॉटेलासाठी हे डबे मागावेत. मी न्हाई म्हणेन, ऐकू नये. ट्रकांच्या हॉर्नात ते खपून जातील. ताराला यातलं काही कळू देऊ नको.

ता. क. : वन्सं, हे तारानं लिहिलंय. पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं. यांचे कान उघडलेत हे मला त्याच दिवशी कळलं, भांडं पडलं की दचकतात. म्हणून तर झुंबरबाईंशी एवढ्या मोठ्यानं बोलले. डबे जरूर न्या. पण यांना एवढ्यात काही सांगू नका, सध्या लई गोड वागून राह्यलेत.