दोनशे बारा चुका

३ मार्च
पेपर उघडला. अक्षरं होती. काळी, ठळक, ओळीत बसलेली. एकही वाचता येईना!
चष्मा पुसला. जुना चष्मा लावून पाहिला. खिडकीशी गेलो. पानाच्या कोपऱ्यातला ४ कळला. आकडे कळतात. बाकी सगळं परक्या मुलखातलं.
मिठाच्या बरणीखाली बायकोची चिठ्ठी होती. तीही तशीच. अंदाजाने दूध आणलं. ओट्यावर दूध आधीच होतं. तिने दोन्ही पिशव्यांकडे पाहिलं. बोलली नाही. बोलत नाहीच.

४ मार्च
डॉक्टरकडे गेलो, एकटाच. त्यांनी एक वाक्य लिहायला सांगितलं. झरझर लिहिलं. मग डोक्याचे फोटो काढायला पाठवलं. परत आल्यावर एक कागद पुढे केला — वाचा.
मी विचारलं, कुणाचं अक्षर आहे?
"तुमचंच."
मेंदूत रक्ताची बारीक गाठ अडकली. लिहिणं शाबूत, वाचणं गेलं. क्वचित होतं असं, म्हणाले. परत येईल का विचारलं, तर गोळ्या लिहून दिल्या आणि काय झालं, कधीपासून, ते सगळं एका कागदावर. घरच्या कुणाला तरी घेऊन या, म्हणाले.
कुणाला?
म्हणजे हे लिहितोय तेही मला वाचता येणार नाही. एकतीस वर्षं मुद्रितशोधक. आज अक्षरशत्रू.

५ मार्च
अकरा महिने झाले. बायकोने चाळीस पानं लिहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. भांड्याचा आवाजही येत नव्हता.
मी छापखान्यात वाचतो तशी वाचली. शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे. सुरुवातीपासून वाचलं की मजकूर ओढून नेतो, चुका निसटतात. धंद्यातली जुनी युक्ती. काय लिहिलं होतं ते आठवत नाही — कळलंच नव्हतं, तर आठवणार काय? बहुधा तिच्या वडिलांवर.
कसं वाटलं, तिने विचारलं.
"दोनशे बारा," मी म्हणालो. वर म्हणालो, पहिल्या खेपेला कमीच म्हणायच्या.
त्या संध्याकाळपासून बोलणं बंद, नुसत्या चिठ्ठ्या. गॅस संपला. नळवाला येईल. सुरुवातीला मी चिठ्ठ्यांतल्या चुकाही लाल शाईने दुरुस्त करून परत ठेवायचो. गंमत म्हणून. तिला गंमत वाटली नाही.
आता तोंड उघडायचं तर काय सांगून? तुझं अक्षर मला लागत नाही म्हणून? हसेल. हसण्याचा हक्कच आहे तिला.

७ मार्च
छापखान्यात प्रत वाचणाऱ्या मुलीला म्हटलं, हस्तलिखित मोठ्याने वाच, मी प्रुफावर नजर ठेवतो. अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ऐकलं. शिशाचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला तरी आम्ही त्याला जुळारीच म्हणतो. "मास्तर, गोष्ट ऐकत झोपायचं वय झालं की काय?" सगळे हसले. मीही.
गुरांच्या आजारांचं पुस्तक. मधूनच लाल खूण करत होतो. कुठे केली, देव जाणे.
आजारी गाय कळपापासून लांब जाऊन उभी राहते, असं त्यात आहे. डोळ्यांनी वाचलं असतं तर हे मला कळलं नसतं.

९ मार्च
आजची चिठ्ठी घडी घातलेली. नेहमी एक ओळ असते. आज पाच! मधे एक आकडा — ७. सात काय?
ती दाराशी उभी होती. वाट पाहत. काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी मान हलवली आणि चिठ्ठी खिशात घातली.

१० मार्च
सात काय?

११ मार्च
ती आज गुणगुणत होती. माझा स्वेटर काढून उन्हात टाकला. मला भीती वाटते आहे.

१२ मार्च, रविवार
पहाटेच उठली. आवरलं. दाराशी बॅग आणून ठेवली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.
मी पेपर तोंडासमोर धरला. दुसरं काय करणार होतो?
पेपरमागून तिची पावलं दिसत होती. हलेनात. मग बॅगेची चेन वाजली. माझा स्वेटर बाहेर काढून तिने खुर्चीवर ठेवला. नीट घडी करून. दार हळू लावलं. आपटलं असतं तरी चाललं असतं!
साडेसहा वाजले होते.

१४ मार्च
बरणीखाली काही नाही. दोन दिवसांत किती वेळा उचलली.
मालकांनी बोलावलं. गुरांच्या पुस्तकात एक परिच्छेद दोनदा छापला गेलाय. खाली माझी सही. मास्तर, तुमच्या हातून, एवढंच म्हणाले.
जुळारी माझ्यामागून कागदाच्या खोलीत आला. त्याच्या हातात खिशातली चिठ्ठी दिली. वाच म्हटलं, चष्मा घरी राहिला. त्याने माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. काही न विचारता वाचू लागला. आधी खणखणीत, मग आवाज उतरत गेला.
"ताईकडे जाऊ या का? चार दिवस राहू. रविवारी सकाळी ७ ची बस आहे, दोन तिकिटं काढलीत. मला लिहायचा कंटाळा आलाय, आता बोलायला हवं. यायचं असेल तर नुसती मान हलवा."
चिठ्ठीची घडी घालून त्याने माझ्या खिशात ठेवली.
"हलवलीत ना, मास्तर?"

१५ मार्च
चाळीस पानं आणि डॉक्टरचा कागद घेऊन निघालो. स्टँडवर सगळ्या पाट्या सारख्या. कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो वैतागला — काका, समोर एवढं मोठं लिहिलंय की!
मला वाचता येत नाही, म्हणालो. मोठ्याने. पहिल्यांदा. त्याने दंडाला धरून नेऊन बसवलं. बाकी काहीच झालं नाही.
मेहुणीच्या घरी दार बायकोनेच उघडलं.
"मला वाचता येत नाही."
"अकरा महिने माहीत आहे मला ते."
अकरा महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य. दार लावायला लागली. मी फटीतून डॉक्टरचा कागद आत सरकवला. म्हटलं, मान उगीच हलवली होती. काय लिहिलंय ते कळलंच नव्हतं.
तिने उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. मग तिथेच उंबऱ्यावर बसली.
"तीन तारखेपासून! आणि मला सांगायला पंधरा तारीख उजाडावी लागली?"
मी चाळीस पानं तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, तू वाच. सुरुवातीपासून.
पानांवरच्या लाल खुणांवरून तिने बोट फिरवलं. आज नाही, म्हणाली. पण दार उघडंच राहिलं.

१६ मार्च
पहिलं पान वाचलं तिने. वडील त्यात नाहीतच. पहिल्याच ओळीत मी आहे.
दोनशे बारा चुका. एकही ऐकू आली नाही.