चारही चाकं चकाचक

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. विषय एकच : गाडीची चाकं.
गाडी सासरेबुवांची. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून जानेवारीत गाडी आमच्याकडे ‘ठेवायला’ दिली. शब्द त्यांचा. २३ मार्चला येऊन गाडी बघणार आणि मग ठरवणार, ती कायमची आमच्याकडे राहणार की साडूंकडे जाणार. साडू दातांचे डॉक्टर. स्वच्छता हा त्यांचा धंदाच.
बाकी गाडी आरशासारखी आहे. फक्त चाकांवर काळी पूड बसते. ब्रेक डस्ट. ब्रेकचे पॅड झिजतात, त्याची भुकटी चाकावर उडते आणि उष्णतेने भाजून चिकटते. पुढची दोन चाकं जास्त काळी.
चार चाकं, वीस दिवस. एका चाकाला पाच दिवस. एवढा वेळ लागणार नाही.

७.४०
पाण्याचा पाईप मारला. पूड गेली नाही. भिजली.

४ मार्च, मंगळवार
भांड्यांचा साबण. माझे हात मऊ झाले. चाक होतं तसंच.
ही म्हणाली, बाबांच्या गाडीची चाकं कधी काळी झालेली बघितली नाहीत. मी समजावून सांगितलं की तेव्हाची हवा वेगळी होती. ही म्हणाली, डिसेंबरपर्यंत गाडी त्यांच्याकडेच होती.
या विषयावर हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

८ मार्च, शनिवार
खास चाकांचा स्प्रे आणला. फवारला की काळ्या पुडीचं जांभळं पाणी होऊन ओघळतं म्हणे. फॅक्टरीतून आल्या आल्या बूटसुद्धा न काढता फवारला. जांभळं झालं, आणि तसंच सुकलं. आता चाकावर काळं आणि जांभळं अशा दोन छटा आहेत.
कन्येने बाटली उचलून मोठ्याने वाचलं : चाक पूर्ण थंड असतानाच वापरावे. मी म्हटलं, अक्षर फार बारीक आहे. ती म्हणाली, लाल आहे आणि खाली रेघ पण आहे.
मी फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे. ‘आधी सूचना वाचा’ ही पाटी मीच लावलेली आहे. सोमवारी ती जरा खाली घ्यायला सांगेन. उंचावर असल्यामुळे माणसाच्या नजरेत भरत नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी १
फत्ते. सकाळी चाक थंड असताना फवारलं, पाच मिनिटं थांबलो, ब्रश फिरवला, धुतलं. पुढचं डावं चाक नव्यासारखं. नटांच्या खोबणीत टूथब्रश वापरला. (टूथब्रश हिचा होता हे नंतर कळलं. नवीन आणून दिला. विषय संपला.)
चाकाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. साडूंनी नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्यात जळफळाट स्पष्ट दिसत होता.

१० मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.३०
सकाळी फॅक्टरीत गेलो, संध्याकाळी परत आलो. जाऊन येऊन अठरा किलोमीटर. चाक काळं.
संशयित : १. रस्ता. २. फॅक्टरीचं धुराडं. ३. पार्किंगमध्ये शेजारी उभी असणारी प्रोफेसरांची डिझेल गाडी. प्रोफेसरांवर लक्ष ठेवायचं.

११ मार्च, मंगळवार
चारही चाकं पुन्हा स्प्रेने धुतली आणि वर एका चाकाला लिंबू चोळलं. डाव्या हाताने, कारण उजवं मनगट रविवारपासून सुजलंय. डॉक्टरांनी तीन-चार दिवस गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. हिने लगेच किल्ली उचलली. हिला गाडी येते, बाबांनीच शिकवलेली. पण लग्नानंतर मी हिला गाडी चालवण्याचा फारसा त्रास दिला नाही.

१२ मार्च, बुधवार
ही गाडी चालवत होती, मी शेजारी. फॅक्टरी येईपर्यंत माझा उजवा पाय पायपुसणीवर दाबलेला. आता पोटरीत गोळा आलाय. वाटेत चौदा वेळा ब्रेक म्हणून ओरडलो. ही म्हणाली, पुढचा सिग्नल लाल आहे हे लांबून दिसतंय, तर आधीच वेग कमी करायचा, ब्रेक कशाला?
सिग्नल हिरवा असला तरी मी ब्रेक मारतो. तो लाल होणार नाही याची खात्री कोण देणार? पण हे दूरचं बघणं सगळ्यांना जमत नाही. एका सेफ्टी ऑफिसरच्या घरात ही बेफिकिरी. लाज वाटली.

१४ मार्च, शुक्रवार
चमत्कार. तीन दिवस झाले, चाकं जवळजवळ स्वच्छ. मंगळवारी लिंबू लावलं होतं ते एकाच चाकाला, पण गुण चारही चाकांना आलेला दिसतो. लिंबाच्या वाफेचा परिणाम असावा. यावर एक लेख लिहिता येईल. शीर्षक : ‘लिंबू आणि ब्रेक : एक स्वतंत्र अभ्यास’.
कन्या म्हणाली, या तीन दिवसांत आणखी काय बदललं होतं ते पण लेखात लिहा. तिला सांगितलं की मनगटाचा आणि चाकाचा काही संबंध नाही. ती हसत हसत आत गेली. या वयात मुलं उगाच हसतात.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी
मनगट बरं. मीच गाडी नेली. रात्रंदिवस दुसऱ्यांच्या जिवाची काळजी वाहणारा माणूस स्टिअरिंगवर बसला की कसं निर्धास्त वाटतं. ही मात्र दार धरून बसली होती.
आल्यावर बघितलं. चारही चाकं काळी.
लिंबूवाल्याने हलका माल गळ्यात मारला. लेख रद्द.

२० मार्च, गुरुवार
तीन दिवस राहिले. धाबं दणाणलंय, पण चेहऱ्यावर दाखवलेलं नाही.
शेवटी तारेची घासणी घेतली. दहा मिनिटांत पुढच्या डाव्या चाकावरचं सगळं काळं गेलं. काळ्याबरोबर चकाकीही गेली. आता चाकावर गोल गोल ओरखडे आहेत.
ही खाली आली, चाकाकडे बघितलं, माझ्या हातातली घासणी काढून घेतली आणि वर गेली.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५
उरलेली तीन चाकं थंड असताना स्प्रे, मऊ ब्रश, मेण या क्रमाने केली. सहा तास. कंबर सरळ होत नाही. ओरखड्यांचं चाक भिंतीच्या बाजूला येईल अशी गाडी लावली. त्यासाठी नऊ वेळा मागेपुढे करावी लागली. प्रोफेसर गॅलरीतून बघत होते. बघू देत.
योजना : उद्या सासरेबुवांना गाडी उभ्या उभ्या दाखवायची. कोणीही चालवायची नाही. चहा, गप्पा, निर्णय.

२३ मार्च, रविवार. दुपारी ३
सासरेबुवा आले. चाकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, चला जावईबापू, एक चक्कर मारू.
नाही कसं म्हणणार? ते माझ्या शेजारी, ही मागे. अर्धा तास गाडी चालवली. माझ्या मते आयुष्यातली सर्वांत सुरक्षित. कुत्रं दिसलं, ब्रेक. कुत्र्यासारखी पिशवी दिसली, ब्रेक. सासरेबुवांनी एक हात समोर डॅशबोर्डवर टेकला होता तो शेवटपर्यंत काढला नाही.
परत आल्यावर ते चाकाजवळ उकिडवे बसले. तळवा नुसता जवळ नेला, तर धग लागली. मग गार होईपर्यंत तिथेच बसून राहिले, एक बोट फिरवलं आणि मला दाखवलं. काळं.
त्यांनी विचारलं, अर्ध्या तासात किती वेळा ब्रेक मारलात, मोजलंत का? मी सेफ्टीबद्दल बोलायला लागलो. ते म्हणाले, माझ्या बसमध्ये साठ माणसं उभी असायची. ब्रेक मारला की साठ माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची. म्हणून मी लांबचं बघायला शिकलो. ओरखड्यांच्या चाकावरूनही त्यांनी बोट फिरवलं. मी लगेच चहाचा विषय काढला.
मग उठले आणि म्हणाले, गाडी याच घरात राहील.
मी जिंकलो. साडूंना काय कळवायचं ते मनात जुळवायला सुरुवातही केली. तेवढ्यात सासरेबुवांनी किल्ली माझ्या हातातून घेतली आणि हिच्या हातात ठेवली. म्हणाले, मी पोरीला गाडी शिकवली ती शेजारी बसायला नाही. जानेवारीपासून वाट बघतोय, कधी मागतेस.
हिच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी वाटलं, माझं वाईट वाटलं असेल. मग चेहरा नीट बघितला. इतकी खूश मी हिला बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. किल्ली अशी घट्ट धरली होती की परत मागायची माझी छाती झाली नाही.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ८.३०
दोन आठवडे ही गाडी चालवतेय. चार दिवसांपासून माझा पाय पायपुसणीवर दाबला जात नाही. परवा तर वाटेत मला झोप लागली.
गेल्या रविवारसारखाच सकाळी बादली, ब्रश, स्प्रे घेऊन खाली गेलो. रविवारचं काम ते रविवारचं काम. पुढच्या चाकावर पांढरं फडकं फिरवलं. फडकं पांढरंच राहिलं. दुसरं चाक, तेच. नटांच्या खोबणीत बोट घातलं. काही नाही. तरी खाली बसून राहिलो. लगेच वर जाऊन काय सांगणार होतो?
थोड्या वेळाने हिने गॅलरीतून विचारलं, झालं का? मी ब्रश हलवत म्हटलं, अजून तासभर तरी लागेल. फार चिवट आहे.